न उघडलेला खोका

रश्मीच्या हातून थर्मामीटर फुटला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. तो ताप मोजतानाही फुटला नाही. नऊ महिन्यांच्या लेकीला, मैत्रीला, ताप नाही याची खात्री करून झाली होती. आणखी एकदा खात्री करावी म्हणून रश्मी पारा झटकत होती, तेवढ्यात तो पलंगाच्या कठड्यावर आपटला. पाऱ्याचे मणी घरभर पळाले. एम. ए., बी. एड. झालेली रश्मी हातात पोस्टकार्ड घेऊन दुपारभर त्यांच्यामागे रांगत होती आणि मैत्री पाळण्यातून ते बघून खिदळत होती. (मुलीचं रांगायचं वय आणि रांगून राह्यली आई, असं कुलदीप म्हणाला. कुलदीप म्हणजे तिचा नवरा. तो कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होता आणि अशा वेळी मदत करण्याऐवजी वाक्यं करायचा.)

काचेचं पुन्हा घरात आणायचं नाही, डिजिटल थर्मामीटर घ्यायचा, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं. ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या एप्रिलातली. ब्रह्मपुरीच्या औषधवाल्यानं डिजिटल म्हटल्यावर घड्याळाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. मग ती मैत्रीला कडेवर घेऊन सायबर कॅफेत गेली. नेटवर तऱ्हेतऱ्हेचे विक्रेते एकाच बाजारात बसले होते. दिल्ली, सुरत, कोइमतूर आणि मधेच चक्क चंद्रपूर. रश्मीनं चंद्रपूरवर बोट ठेवलं. फसवलंच तर सकाळच्या एस.टी.नं जाऊन, भांडून, संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत येता येईल, असा तिचा हिशेब. (ती आजवर कुणाशीही भांडलेली नव्हती. भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तर ती घरी येऊन स्वतःवर चिडायची.)

विक्रेता निघाला मुजफ्फरभाई. चंद्रपुरात विजेच्या सामानाचं दुकान आणि नवाच नेटचा नाद. ऑर्डर मिळताच त्यानं फोन केला. कुरियर आधी नागपूर बघेल, मग आपल्याकडे वळेल. त्यापेक्षा मी सकाळच्या गाडीत कंडक्टरजवळ देतो, तुमी स्टँडवर उतरवून घ्या, असं तो म्हणाला. साऱ्या जगाच्या बाजारातून घेतलेली वस्तू शेवटी कंडक्टरच्या सीटखाली बसून येणार, हे ऐकून रश्मीला फार बरं वाटलं.

गाडी आली त्याच दिवशी मैत्रीला गोवराची लस होती. रश्मी तिला घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत. खोका कुलदीपनं उतरवला, घरी आईच्या हाती दिला आणि ऑफिसला गेला. थर्मामीटरचा खोका एवढा मोठा कसा, हा प्रश्न त्याला पडला नाही. कंपनीवाले पॅकिंग मोठंच करतात, असं त्यानं नंतर सांगितलं.

रश्मी परतली तर घरातून घर्र असा आवाज आणि गल्लीभर लसणाचा वास. सासूबाई, म्हणजे बायनाबाई, नव्याकोऱ्या मिक्सरसमोर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी आधी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली होती, मग लोडशेडिंग संपायची वाट पाहिली होती, आणि लाइट आल्याबरोबर जवसाची चटणी काढली होती. दाराशी शेजारणी जमल्या होत्या.

"माह्या मनगटाचं दुखणं पोरानं नाई पाह्यलं, सुनेनं पाह्यलं," बायनाबाई त्यांना सांगत होत्या. "कम्पूटरवरून मागवलन मायासाठी. मले बोलली बी नाई."

दोन वर्षांच्या संसारात सासूनं तिची अशी उघड्यावर तारीफ केली नव्हती. आजवरची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे 'भात बरा झाला आज'. रश्मीनं तोंड उघडलं, शेजारणींकडे पाहिलं आणि "चव बघा आई, मीठ टाकते मी," एवढंच म्हणाली. आणि चिमूटभर मीठ टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, एक मिष्टेक झाली," मुजफ्फरभाईचा आवाज पार उतरला होता. गाडीत त्यानं दोन खोके दिले होते, एक ब्रह्मपुरीचा, एक सिंदेवाहीचा. नावाच्या चिठ्ठ्या चिकटवताना अदलाबदल झाली. मिक्सर होता सिंदेवाहीच्या गुणवंतरावांचा. त्यांच्या लेकीचं लग्न परवावर आलं होतं आणि तो आंदणात द्यायचा होता. थर्मामीटर त्यांच्याकडे जाऊन पडला होता. "माझी नेटवरची पहिलीच लग्नाची ऑर्डर हाये, बाई. इज्जतचा सवाल हाये. तुमी खोका खोला तर नाही ना?"

आता इथे खरं बोलायला काय लागतं? तीन शब्द. पण रश्मीच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं : दुसऱ्याच्या लेकीच्या आंदणातला मिक्सर गुपचूप ठेवून घेऊन चटण्या वाटणारं ब्रह्मपुरीतलं एक घर. आणि त्या घरात मांडी घालून बसलेली तिची सासू.

"नाही," ती म्हणाली. "जसा आला तसा आहे."

मागे मिक्सरनं एक शेवटची घर्र केली. हा आवाज कसला, असं मुजफ्फरभाईनं विचारलं नाही, आणि त्याबद्दल रश्मी त्याची कायमची ऋणी झाली. त्यानं रस्ता सांगितला. दुपारच्या चंद्रपूर गाडीत मिक्सर द्यायचा, तो सिंदेवाहीला गुणवंतराव उतरवून घेतील. थर्मामीटर ते तिकडून येणाऱ्या गाडीत बसवतील. "त्यांनी बी खोला नाही," तो म्हणाला. "शरीफ लोक मिळाले दोन्हीकडं. अल्लाचा शुकर."

शरीफ रश्मी फोन ठेवून धावली. सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. बायनाबाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "लगनाचं हाये तं जाऊ दे बापा, पोरीची चीज," आणि पाट्यावर पाणी शिंपडायला उठल्या. शेजारणीही उठल्या, पण बातमी घेऊन उठल्या.

पुढे खोटं खरं करण्याचा उद्योग सुरू झाला. चटणी डब्यात काढून मोठं भांडं राखेनं घासलं, लिंबानं घासलं, खाण्याच्या सोड्यानं घासलं. वास जाईना. उन्हात ठेवलं तर वास तापून आणखी जोरात येऊ लागला. शेवटी तिनं मैत्रीची पावडर त्यात शिंपडून पुसून काढली. आता वास लसणाचा राहिला नाही, लसूण खाल्लेल्या तान्ह्या बाळाचा झाला.

मग पॅकिंग. थर्माकोलचे जे दोन तुकडे त्या खोक्यातून निघाले होते ते त्या खोक्यात मावणं शक्य नव्हतं, हे जेवायला घरी आलेल्या कुलदीपनं शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध करून दाखवलं. रश्मीनं एक तुकडा मांडीवर आपटला आणि दाबून बसवला. ती मैत्रीचं कपाळ तपासायला आत गेली (लस टोचल्यावर ताप येऊ शकतो, असं सिस्टर म्हणाल्या होत्या, आणि रश्मीला 'शकतो' हा शब्द ऐकू येत नसे) तेवढ्यात सासूबाईंनी बाकीचं भरून झाकणं लावली. कुलदीपनं टेप मारला. खोका असा दिसत होता की कुणीही शपथेवर सांगावं, कंपनीतून आजच निघाला.

खोका गाडीत बसला. येणाऱ्या गाडीतून थर्मामीटरची डबी उतरली. रश्मी ती छातीशी धरून घरी आली. माहितीचा कागद डबीत नव्हता. नसेल दिला, तिनं मनाशी म्हटलं. बटण दाबलं. मैत्री अजून हातभर लांब होती आणि छोट्या पडद्यावर आकडा उमटला : एकशे दोन पूर्णांक सहा.

"ऑटो बोलवा," ती कुलदीपला म्हणाली.

"अगं, अजून लावला कुठं?"

आकडा तोवर गेलाही होता. मशीन खराब असेल, असं कुलदीपचं मत. लेकराच्या काखेत खराब मशीन? रश्मीनं थर्मामीटर आधी स्वतःवर तपासायचं ठरवलं, आणि काखेपेक्षा तोंडातला ताप अचूक, असं तिनं कुठंसं वाचलं होतं. जिभेखाली नीट धरला, ओठ घट्ट मिटले आणि बीप होईपर्यंत नाकानं श्वास घेत बसली. नॉर्मल. पुन्हा एकदा धरला. नॉर्मल. मशीन उत्तम आहे, सुरुवातीला जरा बिचकतं, एवढंच. आता पुसून मैत्रीला लावावा म्हणून ती उठली, तशी बायनाबाई समाधानानं म्हणाल्या,

"ते लहान भांडं हाये ना मिक्सरचं, त्याच्यात चटणी भरून देल्ली मी."

रश्मी खाली बसली.

"काऊन? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत कराचं रायते का? त्याच्यात लगनघर."

सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. या गल्लीत ताक मागायला आलेला गडवासुद्धा चार बोरं घालून परत जायचा. फक्त कंपनीतून आजच निघालेल्या, कुणीच न उघडलेल्या खोक्यात जवसाची चटणी कशी आली, हे गुणवंतरावांच्या व्याह्यांना समजावणार कोण? मुजफ्फरभाईच उष्टा माल विकणारा ठरणार. लग्नघरात ही गोष्ट मांडवभर होणार. आणि तो म्हणणार, बाईंनी तर सांगितलं होतं, जसा आला तसा आहे.

कुलदीपनं सुचवलं की गप्प बसावं, लोक समजतील कंपनीची आहे. रश्मीला ते पटलंही असतं. पण पाळण्याजवळ उभं राहून तिनं विचार केला, उद्या ही पोर बोलायला लागली की आपण हिला खरं बोल म्हणून सांगणार, आणि कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं मुजफ्फरभाईला फोन लावला आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. चटणी, लिंबू, सोडा, पावडर. मग तो म्हणाला, "बाई, तुमी मले सांगितलं हे मोठी गोष्ट हाये. आता त्यांना बी तुमीच सांगा. माझी हिम्मत नाही." आणि नंबर दिला.

गुणवंतरावांच्या घरी फोन उचलला गेला तेव्हा मागे लग्नाचा गलका होता. रश्मीनं आपलं नाव सांगितलं, पदर सावरला (फोनवर) आणि पुन्हा सगळं सांगितलं. आम्ही खोका उघडला होता, वापरला होता, आणि खोटं बोललो.

"ते चटणी तुमची होय?" गुणवंतराव म्हणाले. "आमी समजलो कंपनी देते. पाव्हण्यायनं चाटून पुसून खाल्ली. मीठ थोडं कमी हाये."

मीठ हे त्या चटणीतलं रश्मीचं एकमेव काम होतं. तिनं माफी मागितली, चटणीची आणि मिक्सरचीही. पण गुणवंतराव मिक्सरबद्दल बोलायलाच तयार नव्हते. मांडवात लावून दाखवताना बंद निघाला असता तर काय तोंड दाखवलं असतं? बाईंनी चालवून पाहिला हे बेसच झालं. पोरगी खूश आहे. तुमी बी लगनाले या, सासूबाईले आणा.

रश्मीचे डोळे भरून आले. खरं बोललं की माणूस एवढं हलकं होतं, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. फोन ठेवणार, तोच पलीकडचा आवाज खाली आला.

"बाई, तुमी एवढं खरं बोलल्या तं मले बी राहवत नाई. ते डबी आमी बी उघडलो होतो."

"असू द्या हो," रश्मी उदार होऊन म्हणाली. मग तिला तो आकडा आठवला. मशीन शेवटचा ताप लक्षात ठेवतं तर. "कुणाला होता का ताप घरी?"

"बुधरी सकाळपासून चारा नाई खाऊन राह्यली होती."

चारा हा शब्द रश्मीच्या कानापर्यंत पोचला, पण आत जायला त्याला वेळ लागला. "मग काखेत लावलात की तोंडात?" तिनं काळजीनं विचारलं.

"शेळीले कुठी काख रायते, बाई," गुणवंतराव म्हणाले. आणि मग, आज एकदा खरं बोलायचंच ठरवलेल्या माणसाच्या मोकळेपणानं, शेळीला तो कुठं लावतात हे त्यांनी सांगितलं. जनावराच्या डॉक्टरलाच फोनवर विचारून लावला होता. शेळीला तेवढा ताप असतोच, बुधरी एकदम ठणठणीत आहे. आणि पाठवताना धोतरानं पुसून दिला होता.

रश्मीनं ओठ घट्ट मिटले होते, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. सासूबाई पाट्यावरून विचारत होत्या, काय म्हणते लगनघर? कुलदीप दारात उभा राहून वाक्य तयार करत असल्यासारखा दिसत होता.

"बाई?" गुणवंतरावांचा आवाज आला, आणि त्यात खरीखुरी काळजी होती. "तुमी अजून कोणाले लावला तं नाई ना तो?"

"छे हो," रश्मी म्हणाली. "अजून डबी उघडायलाच वेळ मिळाला नाही."