हौसाबाईचं शुद्ध शाकाहारी अंडं

एका जंगलात कोंबड्या राहत असत. मुलांनो, कोंबड्या जंगलात कशा, असं विचारू नका. त्या जंगलात शाळा होती, तपासनीस होता आणि वर्षातून एकदा बक्षीस समारंभही होत असे. तेवढं तुम्हाला चालतं, मग कोंबड्यांनीच काय घोडं मारलंय?

जंगलाचा राजा सिंह. त्याने एकदा ठराव केला की शाळेतल्या प्रत्येक पिल्लाला रोज एक उकडलेलं अंडं मिळेल. ठराव चांगला होता. पण चांगल्या ठरावाचं एक असतं. तो झाला की सगळे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

अंडी पुरवायला ओढ्याकाठी कोंबड्यांची वस्ती होती. तिथे हौसाबाई नावाची एक थोराड, तांबडी कोंबडी होती. अंडी घालणाऱ्या पुष्कळ होत्या, पण उबवावं ते हौसाबाईनेच. ती खुडूक होऊन अंड्यांवर बसली की जवळून हत्ती गेला तरी उठत नसे. एकदा खरंच गेला होता. हत्तीच जरा वाकडी वाट करून गेला.

तिला फक्त टिकलीचा त्रास होता. टिकली म्हणजे माकडाची लहान मुलगी, शाळेत पहिल्या वर्गात. ती रोज शाळेतून येताना झाडावरून उडी टाकायची आणि हौसाबाईची अंडी चोरायची. चोरताना मोजायचीसुद्धा.

'मावशी, तुझी अकरा होती. दोन मी नेते. राहिली नऊ!'

'थांब, मेले! शेपूट उपटून हातात देते!'

'आधी पकड तरी!'

हौसाबाई तिच्या मागे ओढ्यापर्यंत धावायची. परत येताना मात्र स्वतःशीच म्हणायची, 'पोरगी हुशार आहे हो.'

अशात ओढ्यापलीकडे कोल्ह्याने भट्टी टाकली. माणसांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या आणि आतलं शिसं वितळवून त्याचे गोळे करायचे, असा धंदा. भट्टीचं नाव 'वनवैभव उद्योग'. गोळे बाहेर जात. धूर, राख आणि चुरा जंगलातच राही. वैभवाची वाटणी साधारण अशीच होते.

आता, तुम्हाला ठाऊक असेल, कोंबडीला दात नसतात. ती दाण्यांबरोबर बारीक खडे गिळते आणि ते खडे तिच्या पोटात दाणे दळतात. म्हणून तर कोंबड्या सारखी जमीन उकरतात. त्या वर्षी उकरलं की करडे, मऊ, चकचकीत खडे मिळू लागले. घशाला टोचत नव्हते. तरण्या कोंबड्या खूश झाल्या.

'असले खडे आपल्या आज्यांनी स्वप्नात तरी पाहिले होते का?' त्या म्हणाल्या.

त्या वर्षी हौसाबाई अकरा अंड्यांवर बसली. एकवीस दिवस झाले. बावीस झाले. पंचविसाव्या दिवशी दहा अंडी थंडच होती. अकराव्यातून एक पिल्लू निघालं. त्याला उभं राहता येईना. मान एका बाजूला टाकून ते दोन दिवस तिच्या पंखाखाली होतं. तिसऱ्या दिवशी नव्हतं.

त्या दोन दिवसांबद्दल हौसाबाई कुणाशी बोलली नाही. तेव्हा आपणही बोलायचं कारण नाही.

वस्तीतल्या बायका म्हणाल्या, 'वय झालं तुझं. ऊब कमी पडली असेल.' तिलाही तसंच वाटलं. म्हणून तिने शेजारणीची अंडी घेतली आणि पुन्हा एकवीस दिवस बसली. दाणापाणी सोडून बसली. एकही फुटलं नाही.

त्याच सुमारास तिच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत कुणी चोरी केलेली नाही.

मग एके दुपारी टिकली आली. उडी टाकून नाही, चालत आली. येऊन खाली बसली.

'काय गं, आज चोरायचं नाही?' हौसाबाईने विचारलं.

'नको. शाळेत मिळतं.'

'बरं, मोजून तरी दाखव.'

टिकलीने अंड्यांवर बोट फिरवलं. 'एक, दोन, तीन, चार... पाच... सहा.' तिथे बोट थांबलं.

'पुढे?'

'पुढे...' टिकलीने अंड्यांकडे पाहिलं. मग हौसाबाईकडे पाहिलं. 'सहाच असेल, मावशी.'

अंडी नऊ होती.

हौसाबाईने तिच्या समोरच थोडी जमीन उकरली. एक करडा खडा वर आला. तो तिने चोचीत धरला, खाली ठेवला. पलीकडच्या धुराकडे पाहिलं. मग टिकलीच्या हातातल्या डब्याकडे. डब्यात शाळेतलं अर्धं अंडं उरलेलं होतं.

ती उठली, तिने खडा पंखाखाली घेतला आणि ती तशीच शाळेत गेली.

शाळेचे मास्तर साळिंदर होते. ते सावलीत पाय पसरून बसले होते. समोर चाळीस पिल्लं बसली होती आणि पान पडलेलं ऐकू येत होतं.

'मास्तर, पोरांना काहीतरी होतंय.'

'होतंय ना! शिस्त लागतेय,' मास्तर म्हणाले. 'हौसाबाई, गेल्या वर्षी या वर्गात मला दिवसातून वीस वेळा काटे उभारावे लागायचे. आता महिना झाला, एक काटा उभारलेला नाही. अंड्याचा गुण आहे हा!'

'टिकलीला सहाच्या पुढे येईना.'

'मग यंदा परीक्षा पाचपर्यंतच आहे,' मास्तर समजुतीने म्हणाले. 'शंभर टक्के निकाल लागेल.'

हौसाबाई तिथून तपासनिसाकडे गेली. अन्न तपासनीस म्हणून बगळा नेमलेला होता. तो ओढ्यात एका पायावर उभा राहून अंडी तपासत असे. परीक्षा तुमच्या आईला ठाऊक असलेलीच. अंडं पाण्यात सोडायचं. बुडालं तर चांगलं, तरंगलं तर खराब.

'बुडालं,' बगळा म्हणाला. 'उत्तम. हेही बुडालं. अत्युत्तम.'

'साहेब, बुडालं म्हणजे ते शिळं नाही एवढंच. आत शिसं आहे का ते पाण्याला काय कळणार?'

'बाई, ही परीक्षा आमच्या पणजोबांपासून चालत आलेली आहे.'

'पणजोबांच्या वेळी भट्टी होती का?'

'नव्हती.'

'मग?'

'म्हणूनच तर परीक्षा बदलण्याचा प्रश्न तेव्हा आला नाही,' बगळा म्हणाला आणि त्याने पुढचं अंडं पाण्यात सोडलं. पाण्यावर भट्टीच्या राखेची साय होती. अंडं ती फोडून छान बुडालं.

आता राहिला राजा. हौसाबाई दरबारात गेली. पंखाखालचा खडा तिने सिंहासमोर ठेवला. कोल्हा आणि बगळा तिथे होतेच. अशा वेळी ते कसे पोचतात, ते मोठं झाल्यावर कळेल.

'कोल्हेराव, हे तुमचं का?' सिंहाने विचारलं.

'महाराज, शिसं निसर्गातलंच आहे,' कोल्हा नम्रपणे म्हणाला. 'निसर्गाचं निसर्गात गेलं.'

'अंड्यात किती असावं, याला काही मर्यादा आहे का?'

'अजून नाही,' बगळा म्हणाला. 'पण सोपं आहे, महाराज. आधी किती आहे ते बघू. मर्यादा त्याच्या थोडी वर ठेवू. म्हणजे कुणी ओलांडायला नको.'

'वा!' सिंह म्हणाला. 'मग तर सगळं मर्यादेतच आहे. बाई, तुझी तक्रार काय?'

हौसाबाईने दम घेतला. ती जे कुणाशी बोलली नव्हती, ते तिला आता बोलावं लागलं.

'महाराज, मी जन्मभर अंडी उबवली. यंदा माझ्याखाली एक पिल्लू जगलं नाही. माझी अंडी गेली, शेजारणीची गेली. या अंड्यांत जीवच धरत नाही. ज्यात जीव धरत नाही, ते पोरांच्या पोटात घालू नका. एवढंच मागते.'

बगळ्याने मिटलेला डोळा उघडला.

'काय म्हणालात, बाई? जीव धरत नाही?'

'नाही.'

'कितीही उबवलं तरी?'

'कितीही.'

'महाराज!' बगळ्याने आनंदाने दुसराही पाय खाली टेकवला. 'हे अंडं शाकाहारी आहे!'

बगळा हा जंगलातला शाकाहाराचा सर्वात मोठा जाणकार होता. मासे खातानासुद्धा तो डोळे मिटून घेत असे.

सिंहाला तर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. कारण ससे आणि हरणं शाळेत अंडं नको म्हणून हटून बसली होती. आमची मुलं जीव असलेलं खाणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आता तो तंटाच मिटला. खुद्द कोंबडीने भर दरबारात सांगितलं होतं, की यात जीव नाही.

त्याच दिवसापासून प्रत्येक अंड्यावर हिरवं पान छापलं जाऊ लागलं. खाली लिहिलेलं असे, 'शुद्ध शाकाहारी. हौसाबाई प्रमाणित.'

हौसाबाई तक्रार करायला गेली, तेव्हा अर्धी शाळा अंडी खात होती. ती परत आली, तेव्हा सगळी शाळा खाऊ लागली.

वर्षअखेरीस बक्षीस समारंभ झाला. प्रमुख पाहुणी अर्थातच हौसाबाई. तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, तो तिच्यापेक्षा जड होता. कोल्ह्याने स्वागत केलं. बगळ्याने आभार आधीच मानून घेतले, कारण त्याला ओढ्यावर जायचं होतं. मग साळिंदर मास्तर पुढे आले.

'यंदाची सर्वात शांत विद्यार्थिनी,' त्यांनी पुकारलं, 'टिकली!'

टिकली उठली. दोनदा पुकारावं लागलं, मग उठली. हळूहळू चालत स्टेजवर आली. येताना तिने खांब पाहिला, खांबावरची दोरी पाहिली आणि त्यावर चढली नाही. पालकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

बक्षीस होतं तीस अंड्यांचा ट्रे. प्रत्येक अंड्यावर हिरवं पान. पाहुणीच्या हस्ते द्यायचा होता.

'मावशी,' टिकली हळू म्हणाली, 'हे सगळं मला?'

हौसाबाईने ट्रेकडे पाहिलं. मग टेबलावरच्या त्या ट्रेला पाय लावला आणि एकच धक्का दिला.

तीसच्या तीस अंडी फुटली. पिवळा बलक स्टेजवरून खाली ओघळत कोल्ह्याच्या नव्या जोड्यांपर्यंत गेला.

आणि जंगल खवळलं. कितीतरी महिने ज्यांचा एक काटा उभा राहिला नव्हता, त्या मास्तरांचे सगळे काटे उभे राहिले. पालक ओरडले, 'लेकरांच्या तोंडचा घास सांडला!' हरणं ओरडली, ससे ओरडले. माकडंही ओरडली, टिकलीच्या आईसकट. गप्प होती ती फक्त मुलं. ती सांडलेल्या अंड्यांकडे पाहत बसली होती.

'कोंबडी असून पोरांचं पोषण बघवत नाही!' कुणीतरी म्हणालं. 'स्वतःचं जगलं नाही ना, म्हणून!'

हे हौसाबाईने ऐकलं. तिने हार काढला, नीट टेबलावर ठेवला आणि शिक्षा ऐकायला उभी राहिली.

सिंहाने तिला हद्दपार केलं. वरच्या उघड्या टेकडीवर राहायचं. तिथे ना ओढा, ना भट्टी, ना राख. खायला गवताचं बी आणि उकरायला नुसती माती. यापेक्षा कडक शिक्षा त्या जंगलात कुणाला सुचली नाही.

टेकडीवर सोबतीला एक रानकोंबडा होता. तिथे घातलेली पहिली अंडी तिने स्वतः फोडली आणि खोल पुरली. दुसरीही पुरली. पोटातलं शिसं कधी निघेल, ते कुणी सांगणारं नव्हतं. सांगणारे सगळे खाली होते. कितीतरी महिने ती पुरत राहिली. मग एका खेपेला तिने आठ अंडी ठेवली आणि बसली. एकवीस दिवसांनी दोन पिल्लं निघाली. तिने त्यांना उभं राहताना पाहिलं. एक पडलं, पुन्हा उभं राहिलं.

पुढच्या खेपेची अंडी घातली, तेव्हा टिकली टेकडी चढून आली.

'मावशी, माझं बक्षीस राहिलं.'

'बक्षीस-बिक्षीस काही मिळणार नाही.'

'मग?'

'मला काय विचारतेस? मी जरा पलीकडे पाठ करून बसते. मला मागचं काही दिसत नाही.'

हौसाबाईने पाठ फिरवली. मागे कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग हळू आवाजात सुरू झालं. 'एक, दोन, तीन... चार, पाच... सहा.'

हौसाबाई थांबली. पिल्लंही थांबली.

'सहा,' मागून पुन्हा आलं. आणि पुन्हा, 'सहा.'

सातवा आकडा त्या दिवशी आला नाही. पण मग गवत सळसळलं, दगड घरंगळला आणि उतारावरून पावलं धावत सुटली. हौसाबाईने वळून पाहिलं. एक अंडं कमी होतं.

'थांब, मेले!' ती सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशी ओरडली. 'उद्या परत आलीस तर शेपूट उपटून हातात देईन! ऐकलंस का? उद्या!'

तात्पर्य: मुलांनो, अंडं नेहमी जपून धरावं. ते स्टेजवर सांडलं तर गुन्हा होतो, आणि पोटात गेलं तर योजना यशस्वी होते. शिवाय कुठल्याही कोंबडीने आपलं दुःख दरबारात सांगू नये. त्यावर लगेच हिरवं पान छापलं जातं.