अण्णांच्या बाकावरचा नंबर

अण्णा कपाट उघडायचे ते पोटानं. किल्ली करदोड्याला बांधलेली आणि करदोडा आखूड. त्यामुळे कुलपाशी पोचायला त्यांना कपाटाला मिठीच मारावी लागे. आत आमच्या साखर कारखान्याच्या ऊसनोंदीची एकच जाडजूड वही.

मी तिथं नवा कारकून, पारनेरकडच्या आमच्या गावातला पहिला बी.ए. वही सांभाळणारे अण्णा सातवी पास.

शेतकरी आपली नोंद स्वतःच लिहीत, पण वही एका वेळी एकालाच मिळे. पूर्वी म्हणे दोघांनी समोरासमोर बसून एकदमच लिहिलं आणि दोघांनाही ऊसतोडीचा एकच नंबर गेला. तोडणीवाले एकाच्या फडात, दुसऱ्याचा ऊस उभ्या जागी वाळला. तेव्हापासून अण्णांचा मंत्र ठरलेला : "एका वहीत दोन टाक, की झाला चिखल!"

बाकीचे कपाटापुढच्या बाकावर नंबरानं बसत. चहा तिथंच, सोयरिकी तिथंच. कुणाची गाय व्याली हेही आधी अण्णांना कळे. माझ्या टेबलाशी कोणी थांबलाच, तर विचारी, "अण्णा कुठं बसत्यात?" माझा नुसता जळफळाट होई.

शेवटी मी साहेबांना सुचवलं : वही फोडून गावागणिक वेगळ्या वह्या करू, नंबरही गावागणिक. ज्या गावाची वही बाहेर, तेवढंच गाव अडेल. बाकीच्यांनी खुशाल लिहावं. साहेब खूश झाले.

अण्णांनी मुकाट्यानं वह्या शिवल्या, प्रत्येक गावाचा बिल्ला खिळ्याला टांगला. वही घेणाऱ्यानं बिल्ला काढून न्यायचा. कामं भराभर उरकू लागली. शेतकरी म्हणाले, "अण्णा, लई झ्याक केलंत!"

डोकं माझं आणि झ्याक अण्णांचं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाक मात्र ओस पडला. माणसं येत, लिहीत, निघून जात. अण्णा दिवसभर बिल्ले पुसत बसत. एका संध्याकाळी मी म्हटलं, "अण्णा, सुटलं की ऑफिस. घरी नाही जायचं?"

"घरी काय, बीए? तिथंबी कुलूपच हाय."

दुसऱ्या दिवशी हातातलं काम टाकून मी बाकावर जाऊन बसलो.

"कंच्या गावाची वही पायजे?"

"कुठलीही."

सगळे बिल्ले खिळ्यांवरच होते. अण्णांनी रिकामा बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"मग बसा नंबरानं," ते म्हणाले आणि स्वतःच शेजारी टेकले. "बरं, बीए, तुमच्या घरची गाय व्याली का?"

व्याली होती. चांगले आठ दिवस झाले होते. मला कोणी विचारलंच नव्हतं.