गुंजीच्या बाळंतिणीचे लाडू

मारुतीरावांना फक्त खिडकीतला उजेड परत हवा होता. त्यापायी पुढं गुंजीच्या जंगलात लाडवाचा डबा घेऊन जायची पाळी येईल असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी उरलेला जन्म अंधारात पेपर वाचला असता.

त्याचं असं झालं. शाळेच्या ऑफिसातनं हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यापासनं मारुतीराव रोज सकाळी बेळगावच्या खासबागेतल्या आपल्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे. आणि बरोब्बर त्याच वेळी त्यांच्या सौभाग्यवती गुणाबाई त्याच खिडकीत उभ्या राहून गल्लीवर नजर ठेवायच्या. कुणाच्या दारात नवी गाडी लागली, यल्लाप्पाचा विणायचा माग आज का थंड हाय, मनुबाईच्या पिशवीत भाजी हाय की साडी हाय, सगळं. उजेड सगळा गुणाबाईंच्या पाठीवर आणि सावली सगळी पेपरवर. (निधनाच्या बातम्या मारुतीराव नुसत्या फोटोंवरनं ओळखायचे, आणि दोनदा चुकीच्या घरी भेटून आले होते.)

शेवटी त्यांनी बेंगळूरच्या मुलाला फोन लावला. "अमृत, तुझ्या आईला बसून बघता येईल असलं कायतरी टीव्हीवर लावून दे रं. सिरियल नको. त्या बघितल्या की ती माझ्याकडंच संशयानं बघती."

अमृत रविवारी आला, टीव्हीला कायतरी जोडलं, आणि पडद्यावर हिरवंगार झाड उभं राहिलं.

"आई, हा जंगलातला कॅमेरा. आपल्या गुंजीजवळचा. आत्ता या मिनिटाला तिथं जे चाललंय ते हितं दिसतंय."

"आत्ताचं? त्यांना न विचारता?"

"पाखरांना काय विचारायचं?"

गुणाबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. (ओढलेली खुर्ची मारुतीरावांची होती.)

झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी होती. हे धनेश म्हणजे मोठ्या थोरल्या वाकड्या चोचीचं पाखरू. मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि आत अंडी घालून महिनोन् महिने बसते. तोवर तिला खायला घालायचं ते नरानं. अमृतनं हे सगळं नीट समजावून सांगितलं. गुणाबाईंनी निम्मं ऐकलं आणि निकाल दिला.

"म्हंजे बाळंतीण हाय म्हणा की!"

गुंजी हे तर गुणाबाईंचं माहेर. त्यांचा चुलतभाऊ गुंडू याचं शेत त्या झाडाला लागूनच. तेव्हा बाळंतीण नुसती बाळंतीण राहिली न्हाय, माहेरची बाळंतीण झाली.

दुसऱ्या दिवसापासनं नऊ वाजले की गल्लीतल्या बायका मारुतीरावांच्या घरी. मनुबाई, यल्लाप्पाची भाग्यलक्ष्मी, आणि इंग्लिश वाचता येतं म्हणून समोरची दिपाली. मारुतीरावांना खिडकी मिळाली, पण खुर्ची गेली. त्यांची रवानगी स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर झाली. तिथनं टीव्ही दिसायचा, पण उजव्या हाताचा खालचा कोपरा गुलाबी प्लास्टिकच्या फुलांच्या कुंडीमागं जायचा. बायका मधनंच "आलं बघा भेकर, खालचं वेचून खातंय!" म्हणून हसायच्या.

"कुठाय भेकर?" मारुतीराव मान लांब करायचे. (भेकर म्हणजे जंगलातलं लहानसं, भित्रं हरीण.)

"तुम्हाला घरातलं पण कधी दिसलंय?" गुणाबाई मागं न बघता म्हणायच्या. विषय संपला.

भेकराचं एक वेळ सोडा. खरा घोर होता तो नराचा. तो लेकाचा सारखा यायचा. गळ्यात उंबरं भरून आणायचा आणि एकेक उंबर चोचीच्या टोकावर आणून, अल्लद, फटीतनं बायकोला भरवायचा.

"बघा ओ," गुणाबाई म्हणाल्या, "सकाळधरनं अकरा खेपा झाल्या. तुम्हाला कोथिंबीर सांगितलेली परवा."

"त्याला दुसरं काम काय हाय?"

"तुम्हाला काय हाय?"

बायका हसल्या. मारुतीराव पिशवी घेऊन बाहेर पडले. कोपऱ्यावर यल्लाप्पा गाठ पडला. त्याचं तोंड उतरलेलं.

"अण्णा, ते पाखरू बंद करा ओ. काल जेवताना ही म्हणती, मला द्राक्षं भरवा, एकेक करून. माग सोडून द्राक्षं भरवत बसू काय?"

"मग काय केलास?"

"भरवली की," यल्लाप्पा खाली बघत म्हणाला.

असे आठ दिवस गेले. मारुतीराव न सांगता कोथिंबीर आणायला लागले. एकदा तर मोगऱ्याचा गजरा आणला. तो गुणाबाईंनी टीव्हीला घातला.

आणि मंगळवारी लाईट गेली. दुरुस्तीचं काम होतं, नऊ ते पाच. पाचला लाईट आली तशा बायका धावत आल्या. ढोलीच्या फटीतनं मादीची चोच दिसत होती. नर न्हाय. सहा वाजले, न्हाय. अंधार पडला, तरी न्हाय.

"दिवसभर आला नसंल," मनुबाई म्हणाल्या. "सोडून गेला."

खरं सांगायचं तर मारुतीरावांना आतनं जरा बरं वाटलं. आठ दिवस ज्याच्यापायी ऐकून घेतलं तो पण शेवटी असा निघाला. ते तोंड पाडून म्हणाले, "शेवटी कुणाचा काय भरवसा गं," आणि ताटावर जाऊन बसले. ताट आलं न्हाय.

"ती बाळंतीण आत उपाशी बसलीया आणि तुम्हाला जेवाय पायजे?" गुणाबाईंचे डोळे भरून आले होते. "तिला घास मिळाल्याशिवाय ह्या घरात चूल पेटणार न्हाय."

चूल पेटली, पण ती दुसऱ्यासाठी. बाळंतिणीला द्यायचे ते डिंकाचे लाडू करायला. तुपात डिंक फुलला, खारीक भाजली, खोबरं भाजलं. मारुतीराव त्या वासात बसून कोरडे चुरमुरे खात होते.

बुधवारी सकाळी सातला टीव्ही लावला. आठ वाजले तरी नराचा पत्ता न्हाय. गुणाबाईंनी नऊ लाडू स्टीलच्या डब्यात भरले. डब्यावर त्यांचं माहेरचं नाव कोरलेलं. डबा मारुतीरावांच्या हातात दिला.

"गाडी धरा. गुंडूकडं जावा. तिला पोचवा."

"अगं, पाखरू लाडू खाईल काय?"

"बाळंतीण काय खात न्हाय? आणि माझ्या डोक्यावर हात ठेवा. तिच्या पोटात घास गेल्याशिवाय तुम्ही काय खाणार न्हाय."

मारुतीरावांनी हात ठेवला. (दुसरा हात पोटावर होता.)

बेळगावच्या स्टेशनवर वडे तळत होते. मारुतीरावांनी श्वास धरला आणि गाडीत चढले. देसूर गेलं, खानापूर गेलं, डबा मांडीवर होता आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला आतनं तुपाचा वास येत होता. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लेक बाळंत झाली काय?"

"न्हाय. माहेरचीच हाय, लांबची," मारुतीराव म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

गुंजीला गुंडू स्टेशनवरच भेटला. सगळं ऐकून तो मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला.

"दाजी, काल नर दिवसभर येतच होता की! मी शेतातनं बघितला. तुमच्या खासबागेत लाईट गेली म्हणून हितल्या पाखरानं सुट्टी घ्यायची काय?"

"आणि संध्याकाळी? आणि आज सकाळी?"

"संध्याकाळचं तिचं पोट भरलं असंल. आज जरा लांब गेला असंल. चला, दावतो."

झाडाभोवती पाखरांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी दोरी बांधलेली. दोरीच्या आत पाय टाकायचा न्हाय, असा नियम. मारुतीराव दोरीबाहेर उभे राहिले. उन्हात पानं चमकत होती. आणि एकाएकी डोक्यावरनं पंखांचा घुमारा आला, जसं कुणी मोठं धोतर झटकावं तसा. नर आला. फांदीवर बसला, मान डोलवली, आणि गळ्यातनं एक लाल उंबर काढून फटीत दिलं. मग दुसरं. मग तिसरं.

मारुतीरावांनी आठ दिवस त्याला टीव्हीत बघून मनातनं शिव्या घातल्या होत्या. आता ते हात जोडून उभे होते. डोळ्यात पाणी आलं. (निम्मं पाखरासाठी, निम्मं भुकेनं.)

"हिला फोन करून सांगतो," ते म्हणाले.

"हितं रेंज न्हाय दाजी. कॅमेऱ्याला वायर हाय, माणसाला न्हाय. तुम्ही बसा, मी म्हशी सोडून येतो. मग घरी जेवाय जाऊ."

गुंडू गेला. मारुतीराव दोरीबाहेरच्या सपाट दगडावर बसले. वर बघितलं. कॅमेरा उंच, तोंड ढोलीकडं. म्हणजे आपण दिसायचा प्रश्नच न्हाय. आता हेडक्लार्कच्या पद्धतीनं विचार केला. अट काय होती? तिच्या पोटात घास गेल्याशिवाय खायचं न्हाय. घास गेला, डोळ्यानं बघितला. पाखरू लाडू खात न्हाय, हे उघडच हाय. मग लाडवाचं करायचं काय?

पहिला लाडू त्यांनी देवाचं नाव घेऊन खाल्ला. दुसरा चवीसाठी. तिसऱ्यानंतर विचार करायचं बंद केलं. नवव्याच्या वेळी दाढेत खारीक अडकली, ती बोटानं काढली, तेवढ्यात झुडपात कायतरी हाललं. मारुतीराव "वाघ!" म्हणून जे उठले ते गुंडूच्या गोठ्यात जाऊन थांबले. डबा दगडावरच राहिला.

संध्याकाळी घरात शिरले तेव्हा चौघीजणी वाट बघत बसलेल्या. घरात भात शिजल्याचा वास. मारुतीरावांना कळलं, सगळं निवळलं. आता खरं सांगून टाकायला काय हरकत नव्हती. पण गुणाबाईंनी इतक्या मायेनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा चारही बायका टीव्ही सोडून त्यांच्याकडं बघत होत्या, की त्यांची जीभ घसरली.

"काय सांगू! मी झाडाखाली उभा राहिलो. म्हटलं, गुणाबाईनं पाठवलाय. तशी तिनं चोच बाहेर काढली."

"होय काय?" गुणाबाई म्हणाल्या.

"लाडू घेतला. डोळे मिटून खाल्ला. दुसरा मागितला."

"कसा मागितला?"

"चोच वाजवली. टक टक."

"किती खाल्ले?"

"नऊच्या नऊ! नराला एक देत होतो, तर ती म्हणे... म्हणजे, तिच्या नजरेतनं कळलं."

भाग्यलक्ष्मीनं पदर तोंडात कोंबला.

"आणि मग दाढेत बोट कुणी घातलं?" गुणाबाईंनी विचारलं. "तिला दाढा न्हाईत."

त्या उठल्या, टीव्हीजवळ गेल्या, आणि गुलाबी फुलांची कुंडी उचलून बाजूला ठेवली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट होती. झाडाचा बुंधा, दोरी, सपाट दगड. दुसऱ्या कॅमेऱ्याची. दगडावर स्टीलचा डबा उघडा पडलेला, आणि एक भेकर त्यात तोंड घालून चाटत होतं.

"नर साडेआठलाच आला, तुम्ही स्टेशनवर पोचायच्या आधी. फोन लावला तर तुमचा लागला न्हाय," मनुबाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्या जेवलो. मग तुम्ही दगडावर आला. मग तुम्ही जेवला."

"अण्णा, व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय," दिपाली मोबाईल बघत म्हणाली. "विचारतायत, दगडावरचा हा प्राणी कुठला? मादीसाठी आणलेलं सगळं स्वतःच खातो आणि भेकराला बघून पळतो."

मारुतीराव स्टुलावर बसले. गुणाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की पदरानं डोळे पुसावे लागले. त्यांनी ताट वाढलं. वर तूप वाढलं.

"जेवा. नऊ लाडवावर भात बसतोय काय बघा. आणि उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन माझा माहेरचा डबा घेऊन या. जाताना इस्त्रीचा शर्ट घाला. भांग पाडा. अमृतच्या ऑफिसातली लोकं पण बघतायत म्हणे."

मारुतीरावांनी ते मनावर घेतलं. निळा शर्ट कडक इस्त्रीत, केसाला तेल, मिशीला कात्री. गुरुवारी सकाळी ते दगडापाशी गेले, दुसरा कॅमेरा कुठं हाय तो नीट हेरला, त्याच्याकडं तोंड करून सरळ उभे राहिले, नमस्कार केला, डबा उचलला, रुमालानं पुसला, आणि सावकाश, अदबीनं, पाठ न दाखवता आडवं आडवं सरकत बाहेर आले. जगात कुठंतरी बसलेल्या त्या विचारणाऱ्याला प्राणी कुठला ते एकदाचं कळू दे.

घरी आले तर दारात चपलाच चपला. आत निम्मी गल्ली, यल्लाप्पासुद्धा. सगळ्यांच्या हातात साखर.

"दिसलो काय?" मारुतीरावांनी दारातनंच विचारलं.

"कवा?" गुणाबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की बघत राहावं. "अहो, पिल्लाची चोच दिसली! सकाळी साडेनऊला! फटीतनं एवढीशी बाहेर काढली बघा. सगळ्यांनी बघितली."

"साडेनऊला मी तिथंच उभा होतो."

"मग तुम्ही पण बघितला असाल की!"

मारुतीरावांनी काय बघितलं असणार? ते दुसऱ्या कॅमेऱ्याकडं तोंड करून, पोट आत घेऊन उभे होते, आणि झाड त्यांच्या पाठीमागं होतं.