तिसऱ्या वर्गाची सुरी

धारवाल्याचं डोकं फिरलं ते एका सुरीवरून. सुरी कसली, लोखंडाची विटंबना होती ती. टोक वाकलेलं, पात्याला ठिकठिकाणी खाचा आणि कडेला पिवळा ऑइलपेंट वाळून बसलेला. ती घेऊन आलेल्या बाई शाळेतून हेडबाई म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण समोरचा माणूस बाकावर उभा केल्यासारखं बघण्याची त्यांची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

"हिनं काय काय केलंत?" धारवाल्यानं विचारलं.

"काय म्हणजे? भाजी चिरते. तुम्ही धार लावा."

"भाजीला आधी पिवळा रंग देता का?"

"रंगाचा डबा उघडत नव्हता. मग काय दातांनी उघडू?"

धारवाला चाक फिरवत राहिला. त्या सुरीला माणसांत आणता आणता त्याचं दुपारचं जेवण राहिलं. तेवढ्यात शेजारचा शिंपी आपली कात्री घेऊन आला. मऊ फडक्यात गुंडाळलेली, तेलपाणी केलेली. तिला चाकावर नुसतं टेकवलं आणि काम झालं. हेडबाईंनी आणि शिंप्यानं दोघांनीही सारखेच पैसे ठेवले, कारण दुकानात दर एकच होता.

"हा अन्याय आहे!" धारवाला घरी येऊन चपला काढायच्या आधीच ओरडला. "जो हत्यार जिवापाड जपतो त्यालाही तोच भाव, आणि जो त्यानं डबे उचकटतो त्यालाही तोच!"

घरात त्याचा मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान होतं, आणि ते इतकं चालायचं की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, गावाच्या सगळ्या बादल्या एकदमच फुटल्या की काय. गल्ल्यावर बसायला त्याला विश्वासाचा माणूस हवा होता आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याइतका विश्वासाचा, शिवाय स्वस्त, माणूस कुठे मिळणार?

"भाऊजी, कशाला डोक्याला ताप करून घेता?" मेहुणा म्हणाला. "या की माझ्याकडे. पंखा आहे, खुर्ची आहे. किमती सगळ्या चिकटवलेल्याच असतात. तुम्ही फक्त पैसे घ्यायचे."

"मी बादल्या विकणार नाही."

"अहो, पण दुकानाचं भाडं तरी निघतं का?" बायकोनं विचारलं. "महिनाअखेरपर्यंत बघू. भाडं निघालं तर ठीक. नाही तर एक तारखेपासून तुम्ही माझ्या भावाच्या गल्ल्यावर. मी त्याला शब्द दिलाय."

शब्द देताना आपल्याला विचारायची पद्धत या घरात कधीच नव्हती, हे धारवाल्याला माहीत होतं. बादल्यांबद्दल त्याला मनापासून तिटकारा होता. आयुष्यभर पात्यावरून अंगठा फिरवलेल्या माणसानं प्लास्टिकच्या कडेवरून हात फिरवत बसायचं, ही कल्पनाच त्याला सहन होईना. त्या संतापातच त्याला नवा दर सुचला.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली. 'जेवढी बोथट, तेवढा दर.' खाली तीन वर्ग. गिऱ्हाइकाच्या सुरीनं आधी वर्तमानपत्राचा कागद कापायचा. सरळ कापला तर पहिला वर्ग, दर निम्मा. फाटला तर दुसरा वर्ग, दर नेहमीचा. आणि कागद नुसताच दुमडला तर तिसरा वर्ग, दर तिप्पट.

"सगळ्यांना एकच भाव असतो हो," बायको म्हणाली. "न्हावी काय केस मोजून पैसे घेतो?"

"घ्यायला पाहिजेत!" धारवाला कडाडला.

पहिल्याच दिवशी हेडबाई घरातली दुसरी सुरी घेऊन आल्या. धारवाल्यानं कागद धरला, सुरी ओढली. कागदानं जागेवरच मान टाकली.

"तिसरा वर्ग!" धारवाला म्हणाला. त्याचा आवाज मुळातच खणखणीत होता. रस्त्यापलीकडच्या दोन बायका थांबून बघायला लागल्या.

हेडबाईंचा चेहरा लाल झाला. "मला आजवर कुणी तिसरा वर्ग दिलेला नाही."

"मग आज मिळाला. तिप्पट पैसे ठेवा."

हेडबाईंनी सुरी उचलली आणि तरातरा निघून गेल्या. धारवाल्याला वाटलं, गेली ब्याद. पण दुसऱ्या दिवशी त्या तीच सुरी घेऊन हजर. धारवाल्यानं कागद धरला. कागद सर्रकन कापला गेला.

"कितवा?" हेडबाईंनी विचारलं.

"पहिला," धारवाल्याला म्हणावंच लागलं.

"जरा मोठ्यानं."

"पहिला वर्ग!"

"झालं तर मग," असं म्हणून हेडबाईंनी सुरी पिशवीत टाकली आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या त्याच दोन बायकांसमोरून मान ताठ ठेवून निघून गेल्या.

सुरीला रात्रीतून धार फुटत नाही. कोपऱ्यावर एक सायकलवाला उभा असायचा. सायकल स्टँडवर लावायची, पायडल मारायचं, मागे बसवलेला दगड फिरायचा, ठिणग्या उडायच्या आणि कशीबशी धार लागायची. दर धारवाल्यापेक्षा कमी. हेडबाई तिथून धार लावून आल्या होत्या. आणि त्यांचं पाहून बाकीच्याही जायला लागल्या. तिसऱ्या वर्गाची सुरी बाळगणारी बाई म्हणजे घर न सांभाळणारी बाई, असं आळीत आपोआप ठरून गेलं. मग आधी कोपऱ्यावर जाऊन धार लावायची, तिथून तडक धारवाल्याकडे यायचं, चार लोकांसमोर पहिला वर्ग मिळवायचा आणि घरी जायचं, असा सगळ्यांचा क्रम बसला. धारवाल्याच्या दुकानासमोर रांग लागली आणि चाक मात्र बंद पडलं.

"हा काय प्रकार आहे?" धारवाला घरी थयथयाट करत होता. "दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन बरे होतात आणि तब्येत दाखवायला माझ्याकडे येतात! मी काय रिकामा बसलोय?"

"बसलातच की," बायको शांतपणे म्हणाली. "तपासायचे पैसे घ्या."

"कशाचे?"

"कागद कापायचे. फुकट कशाला कापता?"

धारवाला तत्त्वाचा माणूस होता, पण बायको हिशेबाची होती. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच दुकानात येऊन बसली. तपासणीचे पैसे घ्यायची आणि पहिल्या वर्गाच्या सुरीच्या मुठीवर आपल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. त्या ठिपक्यासाठी बायका दुसऱ्या आळीतून यायला लागल्या. कुणी आपल्या जावेची सुरी मुद्दाम घेऊन यायची आणि ती नापास झाली की फार वाईट वाटल्यासारखं तोंड करायची.

पैसे येत होते, पण भाड्याला थोडे कमीच पडत होते. आणि धारवाल्याचे हात शिवशिवत होते. "मी धारवाला आहे, परीक्षक नाही," असं तो दिवसातून कितीदा तरी म्हणायचा. ऐकायला फक्त बंद चाक होतं.

मग एके दुपारी बायकोनं एक गोणी आणून मागच्या खोलीत ठेवली. आत सुऱ्या खणखणल्या.

"एका खानावळीचं काम आहे. घाऊक. रोज एक गोणी येईल."

"दर काय?"

बायकोनं दर सांगितला. धारवाला ताडकन उठला. "या भावात? या भावात मी सुरीला फुंकर मारून देईन!"

"भाडं निघेल. आणि चाकही फिरेल."

चाकाचं नाव काढल्यावर धारवाला विरघळला. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. जेवढी बोथट तेवढा दर, तसंच जेवढा दर तेवढी धार. तो रोज दुपारी मागच्या खोलीत बसायचा, एकेक सुरी चाकाला लावल्यासारखी करायचा आणि "घ्या, तुमच्या पैशांत एवढंच येतं" असं बजावून परत गोणीत भिरकावायचा. खानावळीच्या सुऱ्या असूनही त्यातली एक दुसरीसारखी नव्हती, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण माणूस एकदा चिडला की त्याला फक्त चिडायचं कारण दिसतं, बाकी काही दिसत नाही.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यापासून समोर येणाऱ्या सुऱ्यांची धार घसरली. कागद फाटायला लागले. काही तर दुमडायलाच लागले. धारवाल्याला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"बघ! उघडा पडला की नाही सायकलवाला?" तो बायकोला म्हणाला. "माझ्याशी बरोबरी करतोय! नुसतं पातं बघून सांगतो मी, कुणाचा हात फिरलाय ते."

बायकोनं नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, मग उघडलं, मग पुन्हा लावलं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. मेहुणा सकाळीच येऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. भाडं निघालं का ते बघायचं आणि नसेल तर भाऊजींना सोबत घेऊनच जायचं, असा त्याचा बेत होता. समोर रांग होती. रांगेत सगळ्यांत पुढे हेडबाई होत्या, हातात घरातली सगळ्यांत मोठी सुरी घेऊन.

धारवाल्यानं कागद धरला. सुरी ओढली. कागद दुमडला. त्यानं दुसरा कागद घेतला. तोही दुमडला.

"तिसरा वर्ग!" तो गरजला. "तिसराही जास्त झाला! कुणी लावली ही धार?"

"कोपऱ्यावर दिली होती. कालच तर आणली," हेडबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

एवढ्या मोठ्या रांगेसमोर आणि मेहुण्याच्या देखत अशी संधी पुन्हा येणार नव्हती. धारवाला उठून उभा राहिला. सुरी उंच धरून त्यानं सगळ्यांना दाखवली. "बघा! नीट बघून घ्या! याला धार म्हणतात? ज्यानं ही लावली त्याला कामाची लाज नाही. हत्याराची कदर नाही. असल्या माणसाला या धंद्यात उभं राहायचा हक्क नाही. त्यानं जावं आणि बादल्या विकाव्यात!"

मेहुण्याला हे लागलं, पण तो घरच्या माणसासारखा गप्प राहिला. हेडबाई मात्र गप्प राहणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या तशाच कोपऱ्यावर गेल्या आणि सायकलवाल्याला सायकलीसकट घेऊन आल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "ही धार तुझी?"

सायकलवाल्यानं सुरी हातात घेतली, उलटसुलट केली आणि मान हलवली. "नाही बाई. मला एवढं काम झेपेना, म्हणून निम्मं मी वहिनींकडे देतो. मोठ्या सुऱ्या तर सगळ्या इकडेच येतात. दादाच लावतात." मग त्यानं जरा अडखळत पुढे सांगितलं, "मला वाटायचं, दादांची काही तरी नवीन पद्धत असेल. म्हणून बोललो नाही."

सगळ्यांनी धारवाल्याकडे बघितलं. धारवाल्यानं बायकोकडे बघितलं.

"चाक फिरायला हवं होतं ना?" बायको म्हणाली.

"तू म्हणालीस खानावळ!"

"सायकलवाल्याचं म्हटलं असतं तर हात तरी लावला असतात?"

"या भावात..." धारवाल्यानं सुरुवात केली.

"म्हणजे तुमची तुम्हीच परीक्षा घेतलीत आणि तुम्हीच नापास झालात," हेडबाईंनी निकाल जाहीर केला.

मेहुणा हळूच पुढे आला. "चला भाऊजी," तो अगदी मऊपणे म्हणाला. "तुम्हीच म्हणालात आत्ता. उद्यापासून गल्ल्यावर."

धारवाल्याचा चेहरा पडला होता. त्यानं अंगावरचा चामड्याचा ॲप्रन सोडला, घडी करून चाकावर ठेवला. चाकाकडे एकदा बघून घेतलं. दिलेला शब्द बायकोचा होता, पण बोललेलं वाक्य त्याचं स्वतःचं होतं.

"येतो," तो म्हणाला. "माझ्या तोंडानं बोललोय, येतो. पण मला एक सांग, तुझ्याकडे सगळ्यांना बादली एकाच भावात देतोस?"

"म्हणजे काय? किंमत चिकटवलेली असते."

"हाच तर अन्याय आहे!" धारवाल्याचा आवाज पुन्हा चढला. "जो बादली जपून वापरतो त्यालाही तोच भाव, आणि जो आपटतो त्यालाही तोच? गिऱ्हाइकाला आधी जुनी बादली आणायला सांगायची. तळ बघायचा. कडी बघायची. ज्यानं कडी तोडलीय त्याला तिप्पट! मी उद्या सकाळीच तीन वर्ग पाडतो. पाटी मी घरूनच रंगवून आणतो."

मेहुण्याच्या डोळ्यांसमोर आपलं दुकान आलं. जुन्या बादल्या घेतलेली रांग, रांगेसमोर उभे भाऊजी आणि कडी तुटलेल्या गिऱ्हाइकाच्या नावानं चाललेला तो खणखणीत आवाज. त्यानं बहिणीला बाजूला घेतलं.

"ताई, ह्यांना इथून हलवू नकोस."

"अरे, पण भाडं? आता तर गोणीही बंद होणार."

"कमी पडेल ते मी देतो. दर महिन्याला देतो. पण ह्यांना इथेच ठेव." आणि भाऊजींना आणखी काही सुचायच्या आत तो पायऱ्या उतरून चालता झाला.

बायकोनं पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. धारवाल्यानं ॲप्रन पुन्हा बांधला. रांगेतल्या बायका कुजबुजत पांगल्या. हेडबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

"आणि माझी सुरी?"

"लावून देतो. नीट लावतो. जुन्याच भावात," धारवाला खाली मान घालून म्हणाला आणि त्यानं सुरी चाकाजवळ नेली. मग थांबला. त्यानं पातं उजेडात धरलं. धारेवर एका ठिकाणी निळा रंग होता. अगदी ताजा.

"हा निळा रंग कसला?"

"काल संध्याकाळी खिडक्या रंगवायला काढल्या होत्या," हेडबाई म्हणाल्या. "डबा उघडत नव्हता."

धारवाल्याच्या कपाळावरची शीर टरारून फुगली. त्यानं तोंड उघडलं. मग त्यानं रस्त्याकडे पाहिलं. मेहुणा अजून कोपऱ्यापर्यंतच पोचला होता आणि बायकोनं हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. धारवाल्यानं तोंड मिटलं, रंग नखानं खरवडून काढला आणि चाक फिरवायला सुरुवात केली.