पोस्टमास्तरांचा फ्लॉवर

पोस्टमास्तरांना फ्लॉवर आवडत नव्हता. भाजीत आला तर ते तो ताटाच्या कडेला सारत आणि बायको तो मुकाट्याने आपल्या ताटात घेई. बागकामाचीही त्यांना हौस नव्हती. शिवाय गावात ऊन असं, की दुपारी खिडकीच्या गजाला हात लागला तर बोटं तोंडात घालायची वेळ यावी. अशा गावात, अशा माणसाने फ्लॉवर लावला. का लावला? तर फोनवर तोंडातून निघून गेलं म्हणून.

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशात गेली होती, थंड मुलखात. बाळ झालं, पालथं पडलं, रांगायला लागलं, तरी बाईंच्या परतीचं नाव नाही. रोज सकाळी फोनवर तोंड दिसे, तेवढंच. त्या दिवशी मात्र तोंडाऐवजी फ्लॉवर दिसला.

"अहो, हे बघा! लेकीच्या परसातला आहे. कसा पांढराशुभ्र, घट्ट! आपल्याकडे मेलं असं कधी व्हायचं नाही."

ते 'आपल्याकडे' पोस्टमास्तरांना झोंबलं. माणूस सोडून आलेल्या जागेबद्दल बोलतं, तसा तो सूर होता.

"का नाही होणार? लावलाय मी," ते म्हणाले.

"तुम्ही? कुठे?"

"बाल्कनीत." (बाल्कनीत त्या घटकेला एक मोडकी खुर्ची आणि झाडू होता.)

बायको खळखळून हसली. "बरं, गड्डा धरला की सांगा. बघायला येईन."

हसण्यावारी म्हटलेलं ते 'येईन' पोस्टमास्तरांनी रजिस्टर्ड पत्रासारखं सही करून ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी, उभ्या नोकरीत कधी घेतली नव्हती ती अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ते रोपं आणायला गेले.

"इथे फ्लॉवर?" रोपवाला म्हणाला. "साहेब, त्याला गारवा लागतो. या उकाड्यात नुसता पाला माजेल."

"मग विकता कशाला?"

"लोक मागतात ना!"

पोस्टमास्तरांनी मागितली. चार कुंड्या बाल्कनीत मांडल्या. पाला खरोखरच असा माजला की कपडे वाळत घालायला जागा उरेना. पण मधे बघावं तर काही नाही. त्यांनी कुंड्यांना ओली पोती गुंडाळली. टेबलफॅन रोपांकडे वळवला आणि स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसले. मग बर्फ घालायला सुरुवात केली. त्याचं पाणी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या दारात ठिबकायला लागलं.

"मास्तर!" खालून हाक आली. "गिऱ्हाइकाचा कोट भिजला!"

"माफ करा हं, फ्लॉवरला ताप आला होता."

शिंप्याने बराच वेळ वर पाहिलं आणि कोट आत नेला.

शेवटी पोस्टमास्तरांनी एसी घेतला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. बायको दर उन्हाळ्यात एसी मागायची आणि पोस्टमास्तर दर उन्हाळ्यात सांगायचे, "एसीने हाडं आखडतात." आता तोच एसी झोपायच्या खोलीत बसवायला माणूस आला होता.

"घरात कुणी आजारी आहे का?" त्याने भिंतीला भोक पाडता पाडता विचारलं.

"आजारी नाही. लहान आहे. दोन महिने होतील."

"अरे वा! मग फार गार नका ठेवू."

"गारच लागतं हो. त्याशिवाय डोकं धरत नाही म्हणतात."

"मान, साहेब. लहान मूल मान धरतं."

"मान आहे चांगली जाडजूड. डोकंच नाही अजून."

त्या माणसाने काम भराभर उरकलं आणि चहासुद्धा न घेता तो गेला.

आता रोज सकाळी कुंड्या उन्हाला बाल्कनीत, आणि ऊन तापायच्या आत पुन्हा खोलीत. खोलीत जागा होती ती एकच, बायकोच्या पलंगाच्या बाजूला. उशाशी तिचा चष्म्याचा जुना डबा होता, तो पोस्टमास्तरांनी जागचा हलवला नाही. कुंड्या त्याच्या भोवतीने लावल्या. पाणी घालता घालता ते बोलायला लागले. आधी नुसतं "पी बाबा" एवढंच. मग दूध नासलं ते. सदऱ्याचं बटण तुटलं, ते लावताना सुई बोटात गेली ते. तिकिटं चिकटवताना एक म्हातारी हसली, ती थेट तुझ्यासारखी हसली, तेही. ही सगळी बोलणी फोनवर का होत नसत कोण जाणे. फोनवर बोलणं व्हायचं ते असं:

"फ्लॉवर कसा आहे?"

"बरा आहे."

"आणि तुम्ही?"

"मीही बराच आहे."

आणि एका सकाळी पानं बाजूला सारली, तर आत लिंबाएवढा गड्डा! पिवळट, थोडा जांभळट, वर लव आलेली, पण गड्डा. पोस्टमास्तरांनी फोन अगदी जवळ नेऊन फोटो काढला आणि पाठवला. शेजारी मापाला काही ठेवलं नाही. (पोस्टात उभा जन्म वजनमाप करण्यात गेलेला माणूस!)

"अगं बाई, केवढा!" बायको ओरडली. "काढू नका हं! मी आठवड्याभरात येतेय."

त्या दिवशी पोस्टमास्तरांनी एका पार्सलावर दोनदा शिक्का मारला आणि दुसऱ्यावर मारलाच नाही.

पण उकाडा का कुणासाठी थांबतो? मधे एक सबंध दिवस वीज गेली. पोस्टमास्तर संध्याकाळी कामावरून आले, तर गड्डा फिसकटला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे तुरे झाले. बायको बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्या तुऱ्यांवर बारीक पिवळी फुलं डुलत होती.

ती सरळ खोलीत गेली. आधी तिला एसी दिसला.

"हा कधी?"

"फ्लॉवरसाठी घेतला."

"फ्लॉवरसाठी?"

"म्हणजे तुझ्यासाठीच गं! फ्लॉवर तुझ्यासाठी आणि एसी फ्लॉवरसाठी, म्हणजे हिशेबाने..."

"इतकी वर्षं मी उकडून मेले, आणि पाल्याला गारवा!" तिने कमरेवर हात ठेवले. मग तिची नजर कुंडीकडे गेली. ती वाकली. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"फ्लॉवर लावलात आणि फ्लॉवरच आला की हो," ती म्हणाली. आवाज जरा वेगळाच होता, म्हणून त्यांनी डोळे उघडले. ती हसत नव्हती. एका फुलाला तिने हळूच बोट लावलं होतं.

"तू... याच्यासाठी आलीस ना?"

"याच्यासाठी? तिकडे रोज फ्लॉवर खाऊन जीव विटला माझा. शिंपीभाऊंचा फोन आला होता. म्हणाले, वहिनी, लवकर या, मास्तर भाजीशी बोलतात."

पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. बायकोने कुंड्या उचलून बाल्कनीत नेल्या, हातपाय धुतले, एसी लावला आणि अंगावर चादर ओढून स्वस्थ आडवी झाली.

"या, बसा," ती म्हणाली. "फ्लॉवरला काय काय सांगत होता, ते आता मला सांगा."

पोस्टमास्तर पलंगाच्या कडेला बसले. घसा खाकरला. एवढ्या महिन्यांचं सगळं एकदम ओठांपर्यंत आलं आणि तिथेच एकमेकांत अडकून बसलं. बायको वाट बघत होती.

"यंदा फारच उकडतंय, नाही?" ते म्हणाले. आणि त्यांना एक सणसणीत शिंक आली.