सकाळची शाबासकी

आमच्या गल्लीतले रंगनाथ तात्या यंत्रांना शाबासकी देतात. गिरणीत दळण झालं की पिठाचा डबा उचलायच्या आधी गिरणीच्या पत्र्यावर थोपटतात, "शाब्बास, वाघा." केजच्या स्टँडवर एसटीतून उतरलेली माणसं कंडक्टरच्या नावानं बोटं मोडत निघून जातात, तात्या मागं राहून गाडीच्या तोंडावरून हात फिरवतात. एकदा एटीएमला शाबासकी देत उभे राहिले तर मागची रांग खवळली. एक जण म्हणाला, म्हातारबा, पाया पडून झालं असंल तर सरका आता.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात आणि मी दिवसभर त्यांच्या तारा उकलत बसतो. मोटार ऐकेना झाली की तिला एक शिवी हासडायची, हा आमच्या धंद्याचा रिवाज. पण तात्या स्टुलावर येऊन बसले की तीही सोय राहत नाही.

"आरं भागवता, कावून बोलतो तिला? इतके दिस पानी उपसलंय तिनं. कुनी बरं म्हणलं का एकदा तरी?"

आता जळालेल्या मोटारीला बरं कोण म्हणणार?

हे खूळ तात्यांनी सरहद्दीवरून आणलं. पलीकडून येणाऱ्या ट्रकांत गर्द लपवून आणतात, ते हुडकायच्या कामावर ते होते, कुत्र्याचे हँडलर म्हणून. घर मूळचं लिंबागणेशच्या बाजूचं, मेंढरांचं. शेकडो कोकरांतून मेंढी आपलं कोकरू वासावर ओळखते, हे पोरपणी बघितलेलं, त्यामुळं नाकावर त्यांची पहिल्यापासून श्रद्धा. त्यांच्याकडं राणी नावाची कुत्री होती. माल सापडला की राणी भुंकायची नाही, ओरबाडायची नाही. त्या जागेसमोर गप खाली बसायची. तशी शिकवणच असते. मग तात्यांनी शाब्बास म्हणायचं, टॉवेलाची गुंडाळी पुढं टाकायची आणि दोघांनी ओढाओढ करायची. त्या एका टॉवेलासाठी ती उन्हातान्हात ट्रकांच्या रांगा हुंगायची.

राणी गेली, तात्या पेन्शनीत निघून केजला आले, पण सवय सुटली नाही. अजून कसला वास लागला की ते स्वतःच खाली बसतात. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला आम्ही तेलगावला गेलतो. तात्या नवरदेवाभोवती एक चक्कर मारून त्याच्यासमोर मांडी घालून बसले. वरबापाला वाटलं, केवढा मान देतायत. तो हात धरून उठवायला लागला, हे उठेनात. शेवटी मीच वाकून विचारलं तर म्हणाले, "गुटखा. डाव्या खिशात." लग्न झालं, पण ते व्याही अजून मला पत्रिका देताना दोनदा विचार करतात.

सरहद्दीवरची एक रीत तात्यांच्या फार आवडीची. एखाद्या दिवशी काहीच सापडलं नाही तर कुत्रं खचतं. त्याला वाटतं, आपल्यात आता राम राहिला नाही. म्हणून घरी जायच्या आधी हँडलर कुठंतरी सरावाची पुडी लपवतो आणि कुत्र्याला ती हुडकू देतो. "हारून झोपू द्यायचं न्हाई," तात्या म्हणतात.

मग तिथं ट्रकाच्या आरपार बघणारं मोठं मशीन आलं. मशीन आणि राणी, दोघांची चाचणी झाली. माल डिझेलच्या टाकीत दडवला होता. राणी जवळून तशीच पुढं गेली आणि मशीननं बरोबर दाखवला. तात्या हे लपवत नाहीत. खरं ते खरं, मशीन जितलं, असंच सांगतात. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पुढं कितीतरी दिवस त्या मशीनकडं पाठ करून बसायचे.

त्यानंतर आणखी एक छोटं यंत्र आलं. ट्रकाच्या कडीकोयंड्यावरून फडका फिरवायचा आणि यंत्राला द्यायचा, मग ते गर्दाचा कण असला तर ओरडतं. त्यात सुधारणा करायला एक इंजिनिअर पोरगी यायची. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी ती यंत्राला काहीतरी चारते, हे तात्यांनी हेरलं आणि विचारलं. ती म्हणाली, हा माहीत असलेला नमुना आहे. यंत्रानं हा ओळखला तरच दिवसभर त्याच्यावर भरवसा ठेवायचा, नाहीतर आधी त्याला नीट करायचं.

"म्हंजी ह्यालाबी रोज सकाळी एकदा जितू देता म्हणा की!"

ती हसून म्हणाली, तसं म्हणा. त्याच क्षणी तात्यांचं यंत्रांशी असलेलं वैर संपलं. त्या छोट्या यंत्राच्या पाठीवर त्यांनी पहिली शाबासकी दिली, ती अजून थांबलेली नाही. आता पेपरात कुठं गर्द पकडल्याची बातमी आली की ते पेपर घेऊन दुकानात हजर. कुत्र्यानं धरलं का मशीननं, हे लिहीतच नाहीत म्हणून चिडतात. त्यांचं मत असं की, मशीनला नाक द्यावं, कुत्र्याला लोखंडापलीकडचं दिसावं, एकूण दोघांचा संसार लावून द्यावा.

ऐकायला मजा येते. पण गेल्या वर्षी मला या माणसाचा राग यायला लागला होता, आणि त्याला कारण होत्या गयाकाकू, त्यांची बायको.

काकूंचं विसरणं सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ. मग एकदा बहिणीकडं लिंबागणेशला जायचं म्हणून निघाल्या आणि तेलगावच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. ओळखीचं कुणी भेटलं म्हणून परत आल्या. तेव्हापासून खाट सोडेनात. माझ्या हातून आता काही होत नाही, एवढंच म्हणायच्या. चूल बंद, बोलणं बंद. बीडच्या डॉक्टरनं सांगितलं, आजार मागं फिरत नाही, पण बाईनं हाय खाल्ली तर तो फार जोरात पुढं जाईल. तिला खचू देऊ नका. हे मला तात्यांनीच सांगितलं, आणि सांगून पुन्हा दुकानातल्या मोटारीवर हात फिरवायला लागले. मी मनात म्हणालो, घरी बायको खचलीय अन् हा बाबा मोटारीची समजूत घालतोय.

त्यात गल्लीतल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. शिंप्याची टेप गेली. किराणावाल्याचं वजन गेलं. माझा टेस्टर तर दोनदा गेला. दुपारपर्यंत वस्तू परत यायची, तात्याच घेऊन यायचे आणि सांगायचे, गयाला सापडली. गल्लीत बोलबाला झाला की काकूंच्या दृष्टीत काहीतरी आहे. बायका हरवलेलं विचारायला यायला लागल्या. काकू खाटेवरून उठल्या, दारात उभ्या राहायला लागल्या. ते बरंच झालं, पण मी काही दुधखुळा नाही. खिशाला अडकवलेला टेस्टर त्यांच्या पिठाच्या डब्यात चालत जाईल का?

एका सकाळी मी मान खाली घालून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. तात्यांनी एका हातानं मोटार थोपटली आणि दुसऱ्या हातानं माझी पक्कड बंडीत सारली. सगळा जन्म चोर धरण्यात घालवला आणि म्हातारपणी हे धंदे! थोड्या वेळानं मी तावातावानं त्यांच्या घरी गेलो.

तात्या मागं अंघोळीला बसले होते. काकू ओट्यावर डाळ निवडत होत्या. मी म्हणालो, काकू, माझी पक्कड आणलीय तात्यांनी. त्यांनी मागच्या दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"तांदळाच्या डब्यामागं हाय. आत्ताच ठिवली. मी बगितलं."

मी म्हटलं, मग दिली कावून न्हाई?

"लगीच काढली तर त्यांना कळंल की मला ठावं हाय. राणीवानी चाललंय त्यांचं माझ्यासंगं. घरातलं काय लपवीत न्हाईत, का तर मला वाटंल मीच हारवलं. म्हणून तुमचं आणतेत." काकू हसल्या, आणि मग हात डाळीतच थांबला. "रातभर जागतेत रं. मला सापडलं की मग धड दोन घास खातेत. म्हणून हुडकते. पन परवा तुझा टेस्टर खरंच दिसंना मला. लई भ्याले. त्यांचं तोंड कसं बगू म्हणून भ्याले."

तेवढ्यात तात्या डोकं पुसत बाहेर आले. मला बघून त्यांचा चेहरा पार उतरला. चोरी पकडली गेल्याचं त्यांना एवढं नव्हतं. आता मी काकूंदेखत काय बोलतो, याची धास्ती होती.

माझा राग केव्हाच गळाला होता. मी म्हणालो, "तात्या, माझी पक्कड हारपलीय. सगळं हुडकलं. काकूंना जरा बघाय सांगा."

"गया, बग बरं," तात्या घाईनं म्हणाले. "तुझ्याबिगर कुनाला सापडायची न्हाई ती."

काकू उठल्या. आधी खाटेखाली बघितलं, मग कोनाड्यात, मग कांद्याच्या टोपल्यात. मला त्यांचं नाटक कळत होतं आणि हसू दाबावं लागत होतं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. आतून डब्यांचा आवाज येईना. बराच वेळ येईना. माझं हसू गेलं. तात्या उंबऱ्याशी टॉवेल मुठीत आवळून उभे होते. आत जावं का, हे मला कळेना, आणि त्यांना जाववेना.

मग एक डबा सरकला. काकू पक्कड घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"ही बगा," त्या म्हणाल्या. "सापडली."

तात्यांनी तोंड उघडलं, पण गिरणीला, एसटीला, जळक्या मोटारीला रोज फुकट वाटलेला तो शब्द आज त्यांच्या घशातून निघेना. ते हळूच खाली वाकले आणि काकूंच्या समोर, उंबऱ्यातच, गप बसले.

काकूंनी पक्कड माझ्या हातात दिली. मोकळा झालेला हात तात्यांच्या ओल्या डोक्यावर ठेवला.

"शाब्बास," काकू म्हणाल्या.