पुसलेल्या कोड्याचा छडा

दुर्बीण सर हे खेळाचे शिक्षक नव्हतेच. ते जन्मजात गुप्तहेर होते. पोटासाठी शिट्टी वाजवत, एवढंच. निदान ते स्वतः तसं सांगत. "गुन्हेगार मला वासावरून कळतो," असं म्हणताना त्यांचं नाक चोंदलेलं असे, हा भाग वेगळा.

या वेळी अन्याय झाला होता गणिताच्या नव्या बाईंवर. तासाच्या सुरुवातीला मुलं जागी व्हावीत म्हणून त्या रोज फळ्यावर एक कोडं लिहीत आणि हजेरीपट आणायला ऑफिसात जात. रात्री घरी एका हाताने बाळाला थोपटत, दुसऱ्या हाताने रचलेली कोडी ती. परत येऊन बघतात तर फळा कोरा, आणि सहावीचा वर्ग हाताची घडी घालून गप्प! शुक्रवारी तपासणीला साहेब येणार होते. "कोडी चालली तर तुमची नोकरी चालू, नाहीतर दोन्ही बंद," असं मुख्याध्यापिकांनी अगदी गोड हसून सांगितलं होतं.

"मुलांनाच विचारू का, सर?" बाई म्हणाल्या.

"छे छे! संशयितांना विचारलं की ते सावध होतात." सरांनी फळ्यावर बोट फिरवून चाटलं. "हं. खडू."

"फळ्यावर आणखी काय असणार?"

"गुन्हेगाराला नेमकं हेच वाटतं!"

बुधवारी सरांनी विज्ञानाच्या सरांना पकडलं, कारण त्यांच्या बाहीला खडू होता. मग भाषेच्या बाईंच्या पर्सवर दिसला, मग मुख्याध्यापिकांच्या चष्म्यावर. मधल्या सुट्टीपर्यंत अख्खी शाळा संशयित झाली, आणि आरशात बघितल्यावर सर स्वतःसुद्धा. शेवटी वाऱ्यावर आळ आला. पण खिडक्या बंद होत्या म्हणून तो निर्दोष सुटला.

गुरुवारी सर वर्गातल्या कपाटात दबा धरून बसले. बाई कोडं लिहून गेल्या. कपाटाचं दार किलकिलं दिसलं म्हणून सफाईच्या मावशींनी जाता जाता कडी घातली. थोड्या वेळाने डस्टरचा आवाज आला. सरांनी झेप घेतली, ती दाराच्या आतल्या बाजूवर.

शिट्टी ऐकून मावशी आणि बाई धावत आल्या. मावशींनी कडी काढली.

"अगं बाई! आत काय करताय?"

"तपास," सर कपाळ चोळत म्हणाले.

मावशींनी कोरा फळा बघितला. "कुणी पुसला रे हा?"

"आम्ही," दोन वेण्यांची मॉनिटर उठून म्हणाली. "बाईंनीच खाली लिहिलं होतं ना, 'अडलं तर पुसा'. आम्हाला रोज अडतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या माहेरी विचारण्याला पुसणंच म्हणत.

"भाषेवर माझा संशय होताच," सर म्हणाले.

शुक्रवारी बाईंनी 'अडलं तर विचारा' असं लिहिलं. कोडं होतं: हात न उचलता, एकही रेघ दोनदा न गिरवता, पोटात फुली असलेलं घर काढा, वर छप्पर. साहेब मागच्या बाकावर बसले. वर्गात नुसता गलका! हजेरी झाली, बाई पुढच्या धड्याकडे वळल्या, तेवढ्यात मागून एक हात वर आला. साहेबांचा.

"बाई, माझी एक रेघ उरतेय."

मॉनिटर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "छपरापासून नका सुरू करू, काका. खालच्या कोपऱ्यातून करा."

घंटा झाली तेव्हा तपासणीच्या कागदावर अकरा अर्धवट घरं होती, एक पुरं, आणि त्याखाली शेरा: 'सुरुवात बघितली. बाकीचा तास बघायला पुढच्या वर्षी येईन. बाई याच हव्यात.'